नाबेचे मामलेदार

"भाज्या चिरायच्या, भांड्यात टाकायच्या, उकळायच्या. झालं!" ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्याने नाबेची, म्हणजे टेबलावरच शिजवत खायच्या रस्सेदार जेवणाची, कृती सांगितली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. तोक्योत कचऱ्यालासुद्धा वार ठरलेले असतात. जेवण असं मोकाट कसं सुटेल? पण जानेवारीची थंडी होती, निशी-कासाईतल्या आमच्या खुराड्यात नाशिकहून आई-बाबा आले होते, आणि त्यांना 'इथलं' काहीतरी शाकाहारी खाऊ घालायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं.

पहिली अडवणूक भांड्यानेच केली. दोनाबे म्हणजे झाकणाचं मातीचं भांडं. कोरं दोनाबे तसंच वापरायला घेत नाहीत. आधी त्यात भाताची पेज शिजवायची, म्हणजे तिची खळ मातीच्या छिद्रांत बसते आणि भांडं पाझरत नाही. शुक्रवारची अख्खी रात्र पेज रटरटवण्यात गेली. काम झाल्यावर ती फेकून दिली तरी चालते, असं मी बोलून गेलो. "अन्न फेकतात होय रे?" म्हणत बाबांनी ती लिंबाच्या लोणच्याबरोबर ओरपली आणि "छान झालं हो तुझं नाबे" असा शेरा मारून झोपायला गेले.

शनिवारी बाजार. हाकुसाई हा आपल्या कोबीचा लांबोडका चुलतभाऊ, तो बाबांना पटला. मनगटाहून जाड मुळाही पटला. गाडी अडली ती शुंगिकुच्या जुडीपाशी. हा शेवंतीच्या जातीचा पाला, हे मी उगाच सांगितलं.

"शेवंती गौरीला वाहतात. आमटीत नाही टाकत."

शिराताकी नावाच्या काचेसारख्या शेवया सुरणाच्या भाऊबंदातल्या एका कंदाच्या असतात, हे ऐकून आई म्हणाली, "घसा खवखवेल हो. आमसूल आहे माझ्या बॅगेत."

खरं दुखणं रस्स्याचं. तयार पाकिटांवर पुढे कोबी-गाजराची गोजिरवाणी चित्रं. उलटून फोनच्या कॅमेऱ्याने वाचावं तर कुठे मासा, कुठे कोंबडी, कुठे डुक्कर. आंबट पोन्झूच्या बाटलीतसुद्धा कात्सुओ मासा दबा धरून बसलेला. शेवटी घरीच सोया सॉसमध्ये युझू नावाचं लिंबू पिळलं आणि रस्स्यासाठी कोम्बू आणला. कोम्बू म्हणजे समुद्रातल्या शेवाळाची वाळवलेली पट्टी, दिसायला जुन्या चपलेच्या तळव्यासारखी. याच कोम्बूतून १९०८ साली प्राध्यापक किकुनाए इकेदांनी गोड-खारट-आंबट-कडू यांपलीकडची 'उमामी' चव शोधून काढली. लिटरभर पाण्याला साधारण १० ग्रॅम, अर्धा तास भिजवून, मंद आचेवर, उकळी फुटायच्या आत बाहेर. पट्टीवर जी पांढरी भुकटी असते ती धुवायची नाही, चव तिच्यातही असते. हे सगळं मी बायकोला वाचून दाखवत होतो, तेवढ्यात बाबा मोरीतून हसत आले. हातात लखलखीत कोम्बू. "बुरशी आली होती. घासून काढली."

टेबलावर गॅसची छोटी शेगडी मांडली. जपानीत 'नाबे-बुग्यो' असा एक शब्द आहे. बुग्यो म्हणजे एदो काळातला अंमलदार, आपल्या मामलेदारासारखा. आणि नाबे-बुग्यो म्हणजे भांड्यापुढे बसून कोणी काय कधी टाकायचं, कधी उचलायचं याचे हुकूम सोडणारा इसम. बाबा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. दुसऱ्या मिनिटाला चार्ज त्यांच्याकडे.

"मुळा आधी. पाला शेवटी. टोफूला कोणी डाव लावायचा नाही."

चीड आणणारी गोष्ट अशी की एकूण एक हुकूम बरोबर होता. माझ्या हातात जाळीची पळी आली. गुळाच्या काहिलीवर येते तशी मळी यावरही येते, ती काढत बसायचं. थोडक्यात, मी तलाठी. आई मधूनमधून स्वयंपाकघराकडे बघत होती. "नुसती हिंग-जिऱ्याची. कळणारसुद्धा नाही कुणाला," असं ती तीनदा म्हणाली. जिऱ्याची फोडणी कळत नाही म्हणे!

पहिल्या वाट्या भरल्या तेव्हा शेगडीतून चर्र असा आवाज आला. वाकून पाहिलं तर भांड्याच्या बुडाखाली एक थेंब. मग दुसरा. केसाएवढी चीर. दोनाबेचं बूड ओलं असताना ज्योतीवर ठेवलं तर ते तडकतं, म्हणून मी ते सकाळपासून पालथं घालून वाळवत ठेवलं होतं.

"मी आत्ताच विसळलं," बाबा म्हणाले. "धूळ बसली असेल म्हणून."

शेगडी बंद केली. सगळा ऐवज बायकोच्या, सांगलीहून आलेल्या स्टीलच्या पातेल्यात ओतला, ते गॅसवर चढवलं आणि जेवण पुढे चालू. उरलेल्या रस्स्यात शेवटी भात टाकून मऊ शिजवतात. इथे त्यात अंडं फेटून घालतात. आमच्याकडे मेतकूट आणि तूप पडलं. बाबांनी तीनदा घेतला.

रात्री मी चिरेवरचा उपाय शोधला. चीर बारीक असेल तर पुन्हा एकदा पेज शिजवायची. ती खळ चिरेत बसते.

"म्हणजे उद्या परत पेज?" बाबांनी लोणच्याची बरणी उजेडात धरून किती उरलंय ते पाहिलं. "पुरेल. आणखी एकदा तडकलं तरी पुरेल."