निसर्ग-अभ्यासाचा तो संदेश आणि सापाचे त्रिकोणी डोके

गेल्या काही दिवसांपासून आमच्या भागातील बचतगटांच्या, पालकांच्या आणि भावकीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. लहान मुलांना घरच्या घरी निसर्ग कसा शिकवावा याची सूत्रे त्यात दिली आहेत आणि शेवटी ‘बालशिक्षण तज्ज्ञांनी सुचविलेले’ एवढाच शेरा आहे. तज्ज्ञ कोण, कुठले, याचा पत्ता नाही. असले संदेश मी एरवी उघडतही नाही. हा मात्र माझ्या वहिनीने मनावर घेतला आणि पाच वर्षांच्या पुतणीकडून त्यातील सापाचे कलम कवितेसारखे घोकून घेतले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

ते कलम असे आहे: ‘डोके त्रिकोणी असेल तर साप विषारी, गोल असेल तर बिनविषारी, चावल्यावर दोन दातांच्या खुणा दिसत नसतील तर घाबरू नये.’ संपूर्ण संदेशात याहून घातक दुसरे काही नाही. आपल्याकडे माणसे दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या दंशाने, आणि सरकारी दवाखान्यात मिळणारी प्रतिसर्पविषाची लसही याच चौघांच्या विषावर बनलेली आहे. यांपैकी त्रिकोणी डोके आहे ते घोणस आणि फुरसे या दोघांचे. फणा न काढलेल्या नागाचे डोके पाहून त्याला धामणीपासून वेगळे ओळखणे भल्या भल्या शेतकऱ्यांनाही जमत नाही. मण्यारीचे डोके तर मानेहून जेमतेम रुंद, गुळगुळीत आणि गोलसर असते, म्हणजे या सूत्राप्रमाणे ती बिनविषारी ठरते. प्रत्यक्षात तिचे विष नागाच्या विषापेक्षाही जहाल आहे. उलट, आखूड, जाडजूड आणि निरुपद्रवी डुरक्या घोणस अंगावरच्या डागांमुळे खऱ्या घोणशीच्या नावाखाली मारली जाते, आणि पाण्याजवळची बिनविषारी दिवड डिवचली की मान चपटी करून नागाचा आव आणते. जिथे मोठी माणसे फसतात तिथे पाच वर्षांच्या मुलीने सापाच्या डोक्याचा आकार न्याहाळत उभे राहावे, अशी अपेक्षा ज्याने केली त्याने शेतात कधी पाऊल ठेवले असेल असे वाटत नाही.

खुणांचा भाग तर त्याहून वाईट आहे. मण्यार रात्री फिरते, उंदरांच्या आणि इतर लहान सापांच्या मागे घरात शिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा खूण शोधूनही सापडत नाही, सूज येत नाही, आगही फारशी होत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून रडते, मग त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात, आणि घरचे लोक अजीर्ण समजून ओवा देत बसतात. ‘खुणा नाहीत, घाबरू नये’ हा सल्ला नेमका याच घरात पोहोचला तर काय होईल, याचा विचार संदेश पुढे ढकलणाऱ्या एकानेही केलेला दिसत नाही.

हे मी उगाच ताणून धरलेले नाही. भारतातील सर्पदंशाच्या मृत्यूंचा जो अभ्यास २०२० मध्ये ‘ईलाइफ’ या वैज्ञानिक नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्याच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, सर्पदंशाने मृत्युमुखी पडली. त्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक १५ वर्षांखालील मुले होती, बहुतेक मृत्यू खेड्यांत आणि घरीच झाले, आणि जवळजवळ निम्मे जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांतले होते. घरी मृत्यू होणे याचा सरळ अर्थ दवाखाना गाठला गेला नाही, किंवा गाठायला हवा हे वेळेत कुणाच्या लक्षातच आले नाही, असा होतो.

लहान मुलाला सापाविषयी शिकवायचे ते एवढेच: साप दिसला की थांबायचे, मागे सरकायचे आणि मोठ्या माणसाला हाक मारायची, पऱ्हाट्यांच्या ढिगात आणि सरपणात हात घालायचा नाही. बाकीचे काम मोठ्यांचे आहे. मुलांना खाटेवर, चारही बाजूंनी खोचलेल्या मच्छरदाणीत झोपवावे. दंशाची नुसती शंका आली तरी दोरी करकचून न बांधता, जखम न कापता, तो हात किंवा पाय न हलवता थेट रुग्णालयात न्यावे.

इतर सूत्रांसाठी इतकी शाई खर्च करण्याचे कारण नाही. फुलपाखराच्या पंखांची भुकटी डोळ्यांत गेली तर मूल आंधळे होते, हे धादांत खोटे आहे. ती भुकटी म्हणजे पंखांवरचे सूक्ष्म खवले असतात. ते निघाले तर नुकसान फुलपाखराचेच होते, त्यामुळे धरू नये हे खरे, परंतु त्यासाठी मुलाला आंधळेपणाची भीती घालण्याची गरज नाही. पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो, हेही तसेच. त्याला उजेड लागतो, आणि रात्री तो इतर झाडांप्रमाणे श्वसनच करतो.

घरट्याच्या बाबतीत मात्र संदेशाला अर्धे गुण द्यावे लागतील. माणसाच्या हाताचा वास लागला की पक्षी पिल्ले टाकून देतात, हे कारण चुकीचे आहे, पण घरट्याला हात लावू नये हा सल्ला बरोबर आहे. वारंवार डोकावल्याने पक्षी खरोखर घरटे सोडू शकतात, आणि आपण कुठे वाकून पाहतो आहोत हे कावळ्याला आणि मांजरीला आपल्या आधी कळते.

‘सात वर्षांपर्यंत मुलांना शेतात नेऊ नये, व्हिडिओवरून निसर्ग दाखवावा’ या सूत्रातही एक कण सत्याचा आहे, तो मी नाइलाजाने मान्य करतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विदर्भात कुणाला सांगावे लागत नाही. फवारलेल्या वावरात मूल नेऊ नयेच. पण म्हणून त्याला मोबाईलपुढे बसवायचे? परसात कपाशीचे एक झाड बिनफवारणीचे वाढू द्यावे. सकाळी उमललेले फूल फिकट पिवळसर पांढरे असते. मुलाच्या हाताने त्याच्या देठाला सैलसा दोरा बांधावा आणि दुसऱ्या दिवशी तेच फूल पाहावे, तर ते गुलाबी झालेले असते आणि पुढे गळून त्याच जागी बोंड धरते. मृगाचा पाऊस पडला की धुऱ्यावर लाल मखमली किडा निघतो. त्याचे पाय मोजायला लावले तर आठ भरतात, आणि मुंगीचे सहाच का, हा प्रश्न मूल आपणहून विचारते. व्हिडिओत हा प्रश्न पडायच्या आत पुढचे चित्र आलेले असते.

ज्यांनी हा संदेश पुढे पाठविला आहे, त्यांनी निदान सापाचे कलम आजच गटावरून काढून टाकावे, आणि त्या जागी प्रतिसर्पविषाची लस असलेल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक टाकावा.