पॅच म्हणजे बामची पट्टी नव्हे

‘गोळ्या सोडा, पॅच लावा. औषध पोटात जातच नाही, म्हणून दुष्परिणाम शून्य. दुखेल तिथे चिकटवा, वर गरम पाण्याची पिशवी ठेवा, लगेच गुण. महाग वाटला तर अर्धा कापा.’ दुखण्यावरच्या पॅचबद्दलचा हा सल्ला घरोघरच्या ग्रुपांवर फिरतोय. यातला जो पॅच सगळ्यात जोरकस, त्या फेंटानिल या औषधाच्या पॅचवरच हा सल्ला तपासून पाहू.

पोटात जात नाही, हे खरं. पण रक्तात जातं, आणि पॅच बनवलाय तो त्यासाठीच. फेंटानिल अफूच्या घराण्यातलं; तासाला 25 मायक्रोग्रॅम एवढ्या मात्रेतही काम करतं. मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगी हे सगळं पॅचनेही होतं. मात्रा चढली तर श्वास मंदावतो. म्हणून ज्यांच्या शरीराला अशा औषधांची आधीपासून सवय आहे, अशाच रुग्णांना तो देतात. गुडघेदुखीच्या आजीला नाही.

‘दुखेल तिथे’? डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या काही पट्ट्या तशा लावतात. फेंटानिलचा पॅच मात्र रक्तातून काम करतो, म्हणून कंबर दुखत असली तरी तो छातीवर लावलेला चालतो. 1979 साली अमेरिकेत मंजूर झालेला असा पहिला पॅचही स्कोपोलामिन या औषधाचा, गाडी किंवा बोट लागणाऱ्यांसाठी. तो कानामागे लावतात, कारण तिथली कातडी औषध चांगलं आत घेते.

आता ती गरम पिशवी. माझ्या मते सगळ्या मजकुरात जीवघेणं वाक्य हेच. पॅचमधलं औषध 72 तास सावकाश झिरपावं अशी सगळी मांडणी असते; उष्णतेने तोच वेग वाढतो. नुसता ताप 40 अंश सेल्सिअसवर गेला तरी रक्तातलं फेंटानिल सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकतं. बरं, त्रास व्हायला लागल्यावर पॅच ओढून काढला, तरी सुटका नाही. कातडीत साठलेलं औषध झिरपतच राहतं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 17 तास लागतात. ‘लगेच गुण’ही खोटं. पहिल्या पॅचचा पुरता परिणाम दिसायला 12 ते 24 तास जातात, आणि तेवढ्यात धीर सुटून कुणी दुसरा लावतो.

कापायचं तर मुळीच नाही. काही पॅचमध्ये औषधाची पिशवीच असते. ती कापली की तीन दिवसांचं औषध एकदम बाहेर.

ग्रुपवरच्या त्या सल्ल्यात नसलेली एक गोष्ट: काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं. अमेरिकेत असे पॅच अंगाला चिकटून किंवा तोंडात जाऊन लहान मुलं दगावली आहेत. चिकट बाजू आत घेऊन घडी घालायची आणि लगेच विल्हेवाट लावायची, उघड्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही.