निकालानंतरची पाच वर्षं

ब्राऊन निकालावरचा तुमचा लेख वाचून, १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या आणि लगेच त्या सगळ्यांसाठी एक झाल्या, असं वाटतं. इतकं सोपं नव्हतं हो. व्हर्जिनिया राज्यातली प्रिन्स एडवर्ड काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) बघा, तंबाखू पिकवणारा ग्रामीण भाग. तिथल्या काळ्या मुलांच्या मोटन हायस्कूलमध्ये १८० मुलांच्या जागेत ४५०हून जास्त कोंबलेली, बाकीच्यांना डांबरी कागदाच्या खोपट्या. १९५१ मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने सगळ्या शाळेचा संप घडवून आणला. (सोळाव्या वर्षी आम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीसमोरून जायलाही घाबरायचो.) त्यातून झालेला खटला ब्राऊन निकालात एकत्र आलेल्या पाच खटल्यांपैकी एक.

निकाल लागला, पण काउंटीने काय केलं? गोऱ्या-काळ्यांना एकत्र शिकवायला नको म्हणून १९५९ मध्ये शाळांना पैसेच मंजूर केले नाहीत. सगळ्या सरकारी शाळांना कुलूप! गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली, वर सरकारी अनुदानाचा हातभार. काळी मुलं कुणी नातेवाइकांकडे परगावी गेली, कुणी चर्चच्या तळघरात शिकली, बरीचशी शिकलीच नाहीत. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं तेव्हा कुलपं निघाली. पहिलीत जायचं पोर तोवर अकरा वर्षांचं झालेलं. त्या मुलांवर एक स्वतंत्र लेख येऊ द्या.