हम थांबवायला अर्थिंगची पिन कापणाऱ्यांनो, बस करा

पुन्हा पिन कापली. परवा, इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एका घरी. जपानहून आलेलं टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र), स्पीकरमधून हम, म्हणजे सतत घुमणारा आवाज, येतोय म्हणून वायरमनला बोलावलं, आणि त्या गृहस्थाने अँप्लिफायरच्या प्लगची वरची जाड पितळी अर्थिंगची पिन कटरने मुळापासून उडवली. हम थांबला. "हो गया भिया, अब टेंशन नहीं." पैसे घेतले आणि गेला. ती पिन तिथेच टेबलावर पडलेली, सुई पुसायच्या ब्रशशेजारी, कापलेलं तोंड चकचकीत.

हे दुरुस्ती करणं नाही, घरात सापळा लावून जाणं आहे. समजा उद्या अँपच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं आणि फेज अँपच्या धातूच्या खोक्याला लागली. अर्थ शाबूत असता तर करंट त्या वाटेने धावला असता आणि एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) तिथल्या तिथे पडला असता. आता आपणहून काहीच पडणार नाही. खोकं 230 व्होल्टवर तसंच उभं राहणार. आणि टर्नटेबलमधून येणारी ती बारीक ग्राउंडची तार कुठे असते? त्याच खोक्याच्या मागच्या जीएनडी (ग्राउंड) लिहिलेल्या स्क्रूला. तिचं दुसरं टोक टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या हाताच्या, धातूच्या नळीला. नळीच्या टोकाला हेडशेल (सुई बसवायचा तुकडा) आणि हेडशेलला ती एवढीशी वाकडी दांडी, जी आपण रेकॉर्डची प्रत्येक बाजू संपली की उघड्या बोटाने उचलतो. म्हणजे फेज थेट बोटाखाली. घरात आरसीसीबी असेल तर तो पडेल, पण माणसाच्या अंगातून करंट गेल्यावर. आणि जुन्या इंदूरच्या किती घरांत आरसीसीबी आहे?

बरं, पिन कापायची गरज होती का? अजिबात नाही. त्या अँपला सेट टॉप बॉक्सचा आवाजही जोडलेला होता. केबलवाल्याच्या कोअॅक्सची (टीव्हीच्या गोल केबलची) बाहेरची तारेची जाळी बाहेर कुठेतरी वेगळ्या अर्थला टेकलेली, अँप घरच्या अर्थला. दोन अर्थ, मधे बंद चक्कर, ग्राउंड लूप. दोन मिनिटांची परीक्षा होती: बॉक्सच्या मागची कोअॅक्स उपसायची. हम गेला की गुन्हेगार सापडला. मग कोअॅक्सला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देतो, अर्थची जोड तोडतो) लावा, किंवा बॉक्सचा आवाज ऑप्टिकल केबलने घ्या, म्हणजे तांब्याचा संबंधच तुटतो. पण कटर खिशातच असतो ना.

आणि टर्नटेबलवरच हम एवढा का बोंबलतो, हे यांना माहीतच करून घ्यायचं नसतं. एमएम (हलत्या चुंबकाचं) कार्ट्रिज, म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणारा भाग, देतं 3 ते 5 मिलीव्होल्ट. फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा पहिला टप्पा) त्याला 40 डीबी, म्हणजे 100 पट मोठं करतो. त्यावर आरआयएए कर्व्ह (रेकॉर्ड कापताना दाबलेले खालचे सूर परत उचलायचं ठरलेलं प्रमाण) 50 हर्ट्झला आणखी 17 डीबी, म्हणजे सुमारे 7 पट वर उचलतो. आपल्या मेन्सचा नेमका तोच आकडा, 50. शिरलेला हम 700 पट होऊन बाहेर येतो. एमसी (हलत्या कॉइलचं) कार्ट्रिज असेल तर मिलीव्होल्टचा अर्धाच भाग, आणि गेन, म्हणजे वाढवायचं प्रमाण, 60 डीबी. तिथे लहानशी चूकही खोली भरून टाकते.

शोधायचा क्रम ठरलेला आहे, तरी कुणी पाळत नाही. आधी कान. खोल, गोल आवाज म्हणजे 50 हर्ट्झ, जोडणीत गडबड. करकरीत भुणभुण म्हणजे 100 आणि वरचे, तिथे डिमर, पंख्याचा रेग्युलेटर, चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर तपासा. मग टर्नटेबलच्या आरसीए (आवाज नेणाऱ्या) पिनी काढा. हम गेला तर दोष टर्नटेबलकडे. आर्मला बोट लावल्यावर आवाज बदलतो? मग आर्मची ग्राउंड तुटली आहे. मल्टिमीटर घ्या, एक टोक आर्मच्या नळीला, दुसरं ग्राउंड तारेच्या चिमट्याला, ओहम जवळजवळ शून्य हवेत. चिमटा काळा पडला असेल तर बारीक सँडपेपरने घासा. हेडशेलच्या चार तारा: पांढरी डावी, निळी तिची ग्राउंड, लाल उजवी, हिरवी तिची ग्राउंड. निळी-हिरवीची अदलाबदल करून हम आला म्हणून अँप उघडून बसणारेही आहेत. आर्म आत सरकवत नेताना हम वाढत गेला तर जोडणी सोडा, जवळ कुठला तरी ट्रान्सफॉर्मर आहे. तो मीटरभर लांब न्या. आणि रेगा कंपनीच्या टर्नटेबलला वेगळी ग्राउंड तार नसतेच, ती डाव्या चॅनेलच्या जाळीतून जाते. "तार हरवली" म्हणून बूड उघडू नका, हात जोडून सांगतो.

ती ग्राउंड तार भिंतीच्या अर्थला लावणारे आणखी वेगळे. तिची जागा फोनोच्या स्क्रूला, फक्त तिथे. भिंतीला लावलीत की नवा लूप स्वतःच्या हाताने बांधलात. नळाच्या पाइपला बांधणाऱ्यांना तर काय म्हणावं! पाइप केव्हाच प्लॅस्टिकचे झाले, तार मात्र अजून त्याला गुंडाळलेली.

आता विषय निघालाच आहे तर महाराणी रोडवर मिळणाऱ्या त्या "110 के कन्व्हर्टर"चंही होऊन जाऊ दे. जपानी टर्नटेबल 100 व्होल्टचं असतं. 110 चं नाही, 120 चं नाही. मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, वाचायला काय जातं? 230 चे 110 करणारा ट्रान्सफॉर्मर रात्री मेन्स 250 ला चढली की जवळजवळ 120 देतो. 100 च्या यंत्रावर वीस टक्के जास्त. वर तो ऑटोट्रान्सफॉर्मर, एकच वाइंडिंग, खालचा भाग जळून तुटला तर पलीकडे सरळ 230. मागायचं ते स्पष्ट मागा: 230 ते 100, दोन वेगळ्या वाइंडिंगचा आयसोलेशन, टोरॉइडल (गोल कड्यासारखा), 100 व्हीए (व्होल्ट-अँपिअर). बहुतेक डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलांना 20 वॉटही लागत नाहीत, हा पुरून उरतो. जपानी दोन पिनी प्लग उलटसुलट कसाही बसतो. आरसीए आणि ग्राउंड तार काढून, यंत्राच्या धातूपासून भिंतीच्या अर्थपर्यंत एसी व्होल्ट दोन्ही बाजूंनी मोजा, जिकडे कमी दिसेल तिकडे खूण करून ठेवा.

आणि हे कान उघडे ठेवून ऐका: ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही! टेक्निक्सचं एसएल-1200 एमके2 क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यावर चालतं, त्याला फिकीर नाही. पण बेल्टवर फिरणारं, सिंक्रोनस (मेन्सच्या हर्ट्झवर वेग ठरणाऱ्या) मोटरचं, अमेरिकेतून आलेलं यंत्र 60 हर्ट्झसाठी घडवलेलं. आपल्या 50 वर ते 33⅓ ऐवजी 27.8 फेरे मारतं. सूर तीन श्रुतींनी नव्हे, तीन स्वरस्थानांनी आणि वर थोडा खाली येतो. सा ऐकायला बसावं तर मंद्र धैवतही पूर्ण लागत नाही. ज्या गावात उस्ताद अमीर खाँ राहिले, त्या गावात त्यांचा विलंबित असा आणखी खाली ओढून ऐकायचा? दुकानदार म्हणतो, "पुरानी रेकॉर्ड है, ऐसी ही बजेगी." नाही बजेगी! मोटरची पुली 50 हर्ट्झची घाला, व्यास 20 टक्के मोठा. टेप गुंडाळून जाड केलेली पुली चालणार नाही, बेल्ट सरकतो आणि सूर डगमगतो. जपानी यंत्र असेल तर निदान शोधून बघा, तिथे टोकियोकडे 50 आणि ओसाकाकडे 60 आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एकीकडे जर्मन जनित्रं आली आणि दुसरीकडे अमेरिकन, तेव्हापासून. त्यामुळे कित्येक यंत्रांबरोबर दोन्ही पुल्या येत. तपासायला स्ट्रोब चकती, ठिपके जागीच उभे दिसले तर वेग बरोबर: निऑन दिव्याखाली 33⅓ ला 50 हर्ट्झची ओळ 180 ठिपक्यांची, 60 ची 216 ची. चुकीची ओळ बघून "स्पीड बरोबर आहे" म्हणू नका.

अॅडॉप्टरचंही तेच. प्रो-जेक्ट कंपनीच्या टर्नटेबलच्या जुन्या मॉडेलना 16 व्होल्ट एसी लागतो, नव्यांना 15 व्होल्ट डीसी. पिन बसली म्हणजे जुळलं असं नाही.

राहिला मूळ अर्थ. माळव्याची काळी माती पावसाळ्यात ओली असते तेव्हा अर्थिंग उत्तम देते. मे महिन्यात भेगा पडतात, माती इलेक्ट्रोडपासून सुटते आणि अर्थ नावापुरता उरतो. खड्ड्यातला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप अडीच मीटर खाली गेलेला हवा, भोवती कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी. बोर्डावर न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट बघा. एक-दोन असतील तर ठीक, दहा-पंधरा दिसले तर आधी वायरिंग दाखवा आणि मग कार्ट्रिजला दोष द्या. आणि ते सगळ्या देशांचे प्लग घेणारे युनिव्हर्सल सॉकेट काढून टाका, अर्थची पिन त्यात नुसती लोंबकळते. टर्नटेबलचा ट्रान्सफॉर्मर, फोनो, अँप, सगळं एकाच भिंतीच्या सॉकेटमधून एका चांगल्या एक्स्टेंशन पट्टीवर.

लोकमान्यनगरच्या त्या अँपला मागे काढता येणारी वायर आहे, कॉम्प्युटरला लागते तीच. 6 अँपिअरची, तीन पिनी, नवी आणा आणि आजच बदला, तोवर अँप सुरू करू नका. ज्यांची वायर अँपमध्येच पक्की आहे त्यांनी नवा प्लग बसवताना हिरवी-पिवळी तार वरच्या मोठ्या पिनला, तपकिरी उजवीकडच्या फेजला बसेल अशी, निळी न्यूट्रलला. प्लगच्या आत अर्थची तार बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवा. कुणाचा पाय अडकून वायर ओढली गेली तर सगळ्यात शेवटी ती सुटली पाहिजे.