हातघाईवर आलेले भाषण

व्यासपीठावर उभे राहिले की माणसाला आपल्याला दोन हात आहेत याचा साक्षात्कार होतो. एरवी भाजीवाल्याशी घासाघीस करताना ते कुठे असतात याची मी कधी चौकशी केलेली नाही. परंतु ‘यानंतर आपले मनोगत व्यक्त करतील’ हे शब्द कानी पडताच, कुणीतरी सांभाळायला देऊन गेल्यासारखे ते माझ्या खांद्यांना लोंबू लागतात. खिशात घातले तर उद्धट दिसतो, पाठीमागे बांधले तर मुद्देमालासह पकडल्यासारखा, आणि पुढे जोडले तर मते मागायला आल्यासारखा.

या दुखण्याचे मूळ प्राथमिक शाळेत आहे. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ या आज्ञेखाली आम्ही चार वर्षे काढली. दोन्ही कलमे नीट पाळायची तर तिसरा हात लागतो, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आले नाही. अशा रीतीने आवळून ठेवलेल्या मुलाला पाचवीत १ ऑगस्टला, लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीला, भाषणासाठी उभे केले आणि बाई म्हणाल्या, “अरे, जरा हातवारे कर, ठोंब्यासारखा उभा राहू नकोस.” त्यांनी वहीच्या समासात लाल शाईने हात नेमूनच दिले होते. ‘जन्मसिद्ध हक्क’ला मूठ, ‘टरफले’ला जमिनीकडे बोट, ‘हिमालयाएवढे उंच’ला हात आभाळाकडे. पाठांतर चोख होते, पण मूठ वळायची राहून गेली आणि ती पुढच्या वाक्यावर वळली. तेव्हापासून हात जे एक वाक्य मागे पडले ते शेवटपर्यंत मागेच राहिले. टिळकांचे विचार हिमालयाएवढे उंच असल्याचे मी जमिनीकडे बोट दाखवून सांगितले, आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ असे म्हणताना आभाळाकडे हात उभारला. अध्यक्षांनी वर पाहिले.

पुढे वाटले, शास्त्र वाचावे. नाट्यशास्त्रात एका हाताच्या २४ आणि दोन्ही हात मिळून करावयाच्या १३ मुद्रा सांगितल्या आहेत, हे वाचून मी धसकाच घेतला, कारण माझ्याजवळ घाम पुसणे आणि माइक सरळ करणे एवढ्या दोनच होत्या. पहिली मुद्रा पताका: बोटे सरळ, जुळलेली आणि अंगठा दुमडलेला. आरशासमोर ती करून पाहिली, तर चौकातला वाहतूक पोलीस माझ्याकडे रोखून पाहत होता. त्यातल्या त्यात धीर दिला तो १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनाने. जन्मांध मुलेसुद्धा, ज्यांनी कुणाचे हातवारे कधी पाहिलेले नाहीत, बोलताना हात हलवतात, आणि समोरचाही अंध आहे हे ठाऊक असताना हलवतात, असे त्यात आढळले. म्हणजे हातांचा संबंध श्रोत्यांपेक्षा बोलणाऱ्याच्या डोक्याशीच अधिक असावा. तेव्हा हातांना मोकळे सोडायचे, असे मी ठरवले.

हा निश्चय अमलात आणण्यासाठी मी आमच्या साहेबांचा निवृत्ती समारंभ निवडला, ही चूक झाली. उजव्या हातात बिनतारी माइक दिला गेला. डावा हात एकट्याने कधीच धड हावभाव करू शकत नाही, असे पहिल्या शतकातला रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन लिहून गेला आहे, आणि माझ्या डाव्या हाताने तर मुद्द्यांचा कागद धरला होता. तेव्हा भावनेचा सगळा भार उजव्यावर पडला. शब्दावर जोर आला की तो हात आपोआप, अगदी शास्त्राला धरून, लांबवर जाई, आणि त्याच्याबरोबर माइकही जाई. नेमका ज्या शब्दावर जोर, तोच शब्द सभागृहाला ऐकू येईना. मी म्हणालो, “साहेबांनी कधीही, कोणाचाही अपमान केला नाही!” त्यातला ‘नाही’ खिडकीच्या दिशेने गेला. “कोणावरही आवाज चढवला नाही!” हाही गेला. मागच्या रांगेतल्या शिपाईमामांनी, इतक्या वर्षांनी कुणीतरी खरे बोलत असल्याच्या समाधानाने, टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या दादेने मला चेव आला आणि “रजा मागितली आणि मिळाली नाही, असे एकदाही घडले नाही,” या वाक्यात तर मी माइक दोनदा फिरवला.

छायाचित्रकाराने नेमका तोच क्षण टिपला. साहेब गळ्यात हार घालून, मांडीवर नारळ घेऊन अंग चोरून बसले आहेत आणि मी त्यांच्यावर माइक रोखून, डोळे वटारून उभा आहे. मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी ते छायाचित्र चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावले आहे. घरी नवे पाहुणे आले आणि त्यांची नजर त्या भिंतीवर थबकली, की चहाचे कप ठेवता ठेवता वहिनी सांगतात, “भांडण नाही हो ते. आभार मानतायत.”