कांद्याच्या रसाने मोतीबिंदू विरघळत नाही, मावशी

परवा रविवारी लालबागला मावशीकडे गेले, तर ती खिडकीपाशी डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन बसलेली. रुमाल बाजूला केला तेव्हा दोन्ही डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या. टेबलावर स्टीलची वाटी, तिच्यात पिवळट रस आणि बाजूला बाळाला औषध पाजायचा ड्रॉपर. "थोडं जळजळतं गं. पण जळजळलं म्हणजे आतली घाण निघतेय, असं लिहिलंय त्यात," मावशी म्हणाली. तिचा तो चौथा दिवस होता. २१ दिवस करायचं होतं.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. १४ वर्षं दादरला लोकांचे डोळे तपासते. आणि माझ्या सख्ख्या मावशीने मला एक फोनसुद्धा केला नाही. का, तर "तू ओरडशील म्हणून."

ओरडले. मग तिचे डोळे स्वच्छ पाण्याने भरपूर धुतले, वाटी मोरीत ओतली आणि तिच्या मोबाइलवरचा तो मेसेज पूर्ण वाचला. तुमच्याकडेही आला असेल. '२१ दिवसांत चष्मा उतरवा, मोतीबिंदू विनाऑपरेशन विरघळवा' असा त्याचा मथळा आहे. कांदा, आलं आणि लिंबाचा रस मधात कालवून डोळ्यांत घाला. चष्म्याने नंबर वाढतो, म्हणून मुलांचा चष्मा काढून घ्या, त्यांना उन्हात खेळायला सोडा आणि डोळे गरगर फिरवायचे व्यायाम करा. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंच झालं तर तो पूर्ण पिकू द्या. डोळे आले तर मेडिकलमधून थेंब आणा, डॉक्टरकडे जाऊ नका. गाजर खा. आणि दिसतंय तोवर तपासणीची गरज नाही, दुकानवाले पैसे उकळायला नंबर काढतात. शेवटी २० जणांना पाठवायची विनंती. मावशीने पाठवला होता.

सुरुवात त्या रसापासूनच करते, कारण यातलं सगळ्यात घातक तेच आहे.

लिंबाच्या रसाचा सामू (पीएच) दोन-सव्वादोन असतो, अश्रूंचा सातच्या थोडा वर. सामूत एकाचा फरक म्हणजे आम्लता दहापट, हे आपण सगळे शाळेत शिकलोय. इथे फरक पाचाचा आहे, म्हणजे लाखपट. कांदा नुसता चिरला, हातभर लांबून, तरी डोळे वाहतात. तोच रस थेट डोळ्यात. बुबुळावरचा जो पारदर्शक पडदा आहे तो मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्यात नसांची इतकी दाट वीण असते की धुळीचा एक कण आपल्याला सहन होत नाही. जळजळ ही त्या नसांनी मारलेली बोंब आहे: इथे इजा होतेय, थांबव. आणि मेसेज सांगतो की जळजळलं म्हणजे औषध लागू पडलं, थांबू नका. संपूर्ण मेसेजमध्ये मला सर्वांत जास्त संताप या एका वाक्याचा आला. शरीराने दिलेला इशारा माणसाने ऐकूच नये, याची सोय त्यात करून ठेवली आहे.

बरं, एवढं सोसून तो रस पोचतो कुठे? मोतीबिंदू डोळ्याच्या पृष्ठभागावर नसतोच. बाहुलीच्या मागे आपलं नैसर्गिक भिंग असतं. वयोमानाने त्या भिंगातली प्रथिनं गढूळ होत जातात, त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. अंड्यातला पांढरा बलक शिजून पांढरा झाला की पुन्हा पारदर्शक होत नाही, तसंच हे. बाहेरून डोळा कितीही धुवा, ते भिंग धुतलं जात नाही. घराच्या खिडकीची काच बाहेरून पुसून आतल्या कपाटाच्या आरशावरचा डाग जाईल का? मोतीबिंदू विरघळवणारे थेंब आजवर कुठेही सिद्ध झालेले नाहीत, रसाचे नाहीत आणि कंपनीच्या बाटलीतलेही नाहीत. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणं हाच उपाय आहे.

"पण समोरच्या काकूंचा वाचायचा चष्मा सुटला ना याने," मावशी म्हणाली. सुटला असेल, मी ते नाकारत नाही. मोतीबिंदूचा एक प्रकार भिंगाच्या गाभ्यातून सुरू होतो. गाभा घट्ट होत गेला की डोळ्याचा नंबर मायनसकडे सरकतो आणि काही महिने माणसाला पेपर बिनचष्म्याचा वाचता येतो. चाळिशी उतरली असं वाटतं. खरं तर मोतीबिंदू वाढत असतो, आणि त्याच वेळी लांबचं अंधूक होत असतं. काकूंना विचारा, रस्त्यापलीकडच्या बसचा नंबर वाचता येतो का. मधुमेह असेल तर साखर वरखाली झाली तरी नंबर बदलतो. श्रेय मात्र वाटीतल्या रसाला.

सोमवारी मावशीला ओळखीच्या नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. डोळ्यात पिवळा रंग लावून निळ्या प्रकाशात पाहिलं की बुबुळावर जिथे जिथे साल निघालेली असते तिथे हिरवं चमकतं. मावशीच्या दोन्ही बुबुळांवर खालच्या अर्ध्या भागात हिरवे ठिपके पसरलेले होते, पाटीवर खडूची भुकटी सांडावी तसे. ही साल लवकर भरून येते, तिचीही येईल. पण अशा सोललेल्या बुबुळावर कच्च्या आल्या-कांद्यातून आलेले जंतू किंवा बुरशी बसली असती तर व्रण झाला असता. व्रण बरा झाला तरी मागे फूल, म्हणजे पांढरा डाग, पडतं, आणि फूल मधोमध पडलं तर मरणोत्तर नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ बसवण्यापर्यंत वेळ येते. मध, गुलाबपाणी, आईचं दूध, काहीही असो, घरात तयार केलेली गोष्ट डोळ्यात घालू नका. ती निर्जंतुक नसते.

आता चष्म्याचं. मावशीची नात, म्हणजे माझी भाची, नऊ वर्षांची आहे. मायनस दोन नंबर. हा मेसेज आल्यापासून तिचा चष्मा कपाटात. ती शाळेत बाईंच्या परवानगीने उठून फळ्याजवळ जाते आणि लिहून घेते, हे तिच्या आईला ठाऊकच नव्हतं. मी मोबाइलवर तक्ता लावला नाही, रीतसर दादरला नेऊन सहा मीटरवरून वाचायला लावलं. चष्म्याशिवाय दुसऱ्या ओळीपुढे गेली नाही. चष्मा लावला तर शेवटची ओळ न अडखळता.

चष्म्याने नंबर वाढत नाही. मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा समोरून मागे जरा जास्त लांब झालेला असतो, म्हणून प्रतिमा डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) अलीकडेच पडते. वाढत्या वयात उंचीबरोबर डोळाही वाढतो, नंबरही वाढतो, आणि नेमका त्याच काळात मुलाला चष्मा लागलेला असतो. म्हणून लोकांना वाटतं चष्म्याने वाढला. हे वाटणं इतकं जुनं आहे की मलेशियातल्या संशोधकांनी ते तपासूनच पाहिलं. ९ ते १४ वर्षांची ९४ मुलं घेतली. निम्म्यांना पूर्ण नंबरचा चष्मा दिला, निम्म्यांना मुद्दाम पाऊण नंबर कमी दिला. दोन वर्षांनी पूर्ण चष्मावाल्यांचा नंबर सरासरी ०.७७ ने वाढला होता, कमी दिलेल्यांचा १.०० ने. डोळ्याची लांबीही कमी दिलेल्यांचीच जास्त वाढली. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे 'डोळ्याला सवय नको' म्हणून कमी नंबर द्या, असा हट्ट धरणारे पालक (आठवड्यातून दोन तरी येतात) स्वतःच्याच मुलाचं नुकसान करायला सांगत असतात.

व्यायामाने चष्मा जातो ही कल्पना अमेरिकेतल्या विल्यम बेट्स नावाच्या डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वी लोकप्रिय केली. डोळा फिरवणारे बाहेरचे स्नायू डोळा दाबून फोकस करतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ते चुकीचं आहे. फोकस आतलं भिंग करतं, आणि डोळे गरगर फिरवून गोळ्याची लांबी कमी होत नाही.

यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करते. जवळचं वाचताना दोन्ही डोळे एकत्र आत वळवायला ज्यांना जड जातं, त्यांना आम्हीच व्यायाम देतो आणि त्यांना गुण येतो. पण ते वेगळं दुखणं. आणि मुलांना उन्हात खेळायला सोडा, हे मेसेजमधलं वाक्य बरोबर आहे. चीनमधल्या ग्वांगझूला १२ शाळांत पहिलीच्या मुलांवर झालेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज ४० मिनिटं जादा मैदानावर नेलेल्या मुलांपैकी तीन वर्षांत ३०.४ टक्क्यांना मायनस नंबर लागला, बाकीच्यांत ३९.५ टक्क्यांना. तेव्हा मैदानात जरूर न्या, शिवाजी पार्कला न्या, गच्चीवर न्या. चष्मा घालून न्या.

लहान मुलांच्या बाबतीत चष्मा काढून घेण्यात आणखी एक धोका आहे. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र घेणं सोडून देतो. याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, या साध्या उपायांनी तो बहुधा सुधारतो. वय जाईल तसं ते अवघड होत जातं. तिरळा डोळा भाग्याचा म्हणून कौतुक करत बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि नंतर त्याच मुलाला नोकरीच्या वैद्यकीय चाचणीत नापास झालेलं पाहिलंय.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. मोतीबिंदू पिकू द्यायचा हा सल्ला आपल्या आजी-आजोबांच्या काळच्या शस्त्रक्रियेला धरून होता. आता फेको पद्धतीत भिंग आतच फोडून बारीक छेदातून ओढून घेतात. ते दगडासारखं कडक झालं की काम अवघड होतं, आणि अती पिकलेला मोतीबिंदू फुगून डोळ्याचा दाब वाढवू शकतो. रोजच्या कामात अडायला लागलं, जिना उतरताना पायरी चुकायला लागली, की वेळ झाली समजा.

डोळे येण्याची साथ आपण २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर पाहिली. ती बहुतेक वेळा विषाणूची असते, आठ-पंधरा दिवसांत आपोआप ओसरते, आणि नुसतं बघितल्याने नाही तर हात, टॉवेल, उशी यांतून पसरते. मेडिकलवर मागून आणलेल्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत जाते, म्हणून लोक खूश. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा डोळ्यांच्या खाजेसाठी दोन वर्षं तीच बाटली पुन्हा पुन्हा आणत होता. डोळ्यातला दाब वाढून त्याला काचबिंदू झाला. गेलेली नजर परत आली नाही. बाटली त्याला कुणीही चिठ्ठीशिवाय देत होतं.

गाजराचं बरोबर आहे, अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. सरकार नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याचे डोस देतं ते याचसाठी. पण ज्याच्या शरीरात ते पुरेसं आहे त्याचा नंबर गाजराने उतरत नाही.

आणि दुकानवाल्यांचं. मशीनमधून निघालेली चिठ्ठी हाच नंबर म्हणून चष्मा देणारी दुकानं आहेत, हे मी माझ्याच धंद्याबद्दल कबूल करते. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेसाठी जादा पैसे घेतात, तेही खरं. कोक्रेन ही संस्था अनेक प्रयोग एकत्र तपासते; तिच्या २०२३ च्या आढाव्यात या काचांनी कॉम्प्युटरवरचा डोळ्यांचा शीण, निदान अल्पकाळात तरी, कमी झालेला दिसला नाही. तेव्हा तो खर्च टाळा. तपासणी टाळू नका. तपासणाऱ्याला विचारा की तुम्ही ऑप्टोमेट्रीची पदवी घेतली आहे का. चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आमच्या व्यवसायाचा समावेश आहे.

दिसतंय तोवर गरज नाही, हे तर सरळ खोटं आहे. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते, मधली शाबूत राहते. माणूस पेपर वाचतो, टीव्ही बघतो, त्याला काही कळत नाही. मधुमेहात मागच्या पडद्यावर रक्तस्राव सुरू झाला तरी तक्त्याची शेवटची ओळ वाचता येऊ शकते. म्हणून मूल शाळेत जायच्या आधी एकदा आणि मग दर वर्षी, चाळिशी लागली की डोळ्याच्या दाबासकट, घरात कुणाला काचबिंदू असेल तर ते आवर्जून सांगून, अशी तपासणी ऑप्टोमेट्रिस्टकडे करून घ्या. नंबर, कोरडेपणा, मोबाइलने येणारा शीण हे आम्ही पाहतो, आणि पुढचं दिसलं तर नेत्रतज्ज्ञांकडे पाठवतो. मधुमेह निदान झाला त्याच वर्षी आणि नंतर दर वर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासायचा.

काही वेळा मात्र आमच्याकडेही येऊ नका, थेट नेत्रतज्ज्ञ गाठा. अचानक विजा चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके एकदम वाढले, कडेने पडदा सरकल्यासारखं वाटलं, लाल डोळा ठणकतोय आणि उलटी होतेय, एका डोळ्याची नजर एकाएकी गेली, तर त्याच दिवशी. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे. या सगळ्या रुग्णालयांत डोळ्यांचा विभाग आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलाच्या हातात फुटून डोळ्यात गेली तर आधी तिथल्या तिथे नळाखाली निदान २०-३० मिनिटं धुवा, मग रिक्षा पकडा.

मावशीला ११ वर्षं मधुमेह आहे. पडदा शेवटचा तपासला त्याला तीन वर्षं झाली. मोतीबिंदू वाढतोय म्हणून अंधूक दिसतंय असं तिनेच ठरवलं, आणि वाटीतल्या रसाच्या भरवशावर आणखी २१ दिवस जाणार होते. बुबुळ भरून आलं की गुरुवारी तिला पडदा तपासायला नेणार आहे. बाहुली मोठी करायच्या थेंबांनंतर चार-सहा तास धूसर दिसतं, उजेड सोसत नाही, तेव्हा मी रजा टाकली आहे. साखरेचे सगळे जुने रिपोर्ट तिने पिशवीत भरून ठेवलेत. घरच्या ग्रुपवरही तिने स्वतः टाइप करून टाकलं, "मी पाठवलेलं औषध कोणी घालू नका, माझे डोळे सोलले." भाचीचा चष्मा रविवारीच कपाटातून बाहेर आला.