शेजारचा वाडा पडेपर्यंत घ्यावयाची काळजी

ज्यांच्या घराला लागून वारसांनी समृद्ध आणि भिंतींनी दरिद्री असा एखादा जुना वाडा उभा आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. 'उभा आहे' असे मी सवयीने लिहिले. गेल्या मंगळवारी पहाटे सव्वापाचला आमच्या शेजारच्या वाड्याच्या मागच्या भिंतीचा एक आख्खा खण आमच्या बोळात उतरला, तेव्हापासून तो वाडा उभा आहे की नुसताच टेकला आहे, याविषयी आमच्या घरात एकमत नाही. खणाखाली माझी दुचाकी होती. तिचा डावा आरसा तेवढा शाबूत राहिला आणि मातीच्या ढिगातून वर पाहणाऱ्या त्या आरशात, दुसऱ्या मजल्यावरचा अधांतरी लोंबणारा वासा अगदी स्वच्छ दिसत होता.

अशा प्रसंगी सर्वप्रथम मालकांना फोन करून त्यांची क्षमा मागावी. माझे इथेच चुकले. मी "तुमची भिंत पडली" अशी उद्धट सुरुवात केली. वारसांपैकी थोरले बाणेरला सातव्या मजल्यावर राहतात. ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, "वहिनी, पण गाडी तिथे लावायची गरज होती का?" गेली एकवीस वर्षे मी गाडी माझ्याच बोळात लावते आहे, हे सांगण्याचा मोह मी आवरला, कारण त्यांच्या आवाजात खरोखरच काळजी होती. ती भिंतीची होती की गाडीची, एवढेच कळले नाही.

वाड्याच्या वयाचा मान राखावा. दगडी जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळया, मधे भेंड्यांच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या कच्च्या विटांच्या, भिंती आणि वर मंगलोरी कौले अशी ही रचना शंभर वर्षे सहज टिकते, कारण पांढऱ्या मातीला एकाच गोष्टीचे वावडे आहे आणि ते म्हणजे पाणी. कौले फुटली, पन्हळ तुंबली की पाणी भिंतीच्या पोटात शिरते, तुळईचे भिंतीतले टोक कुजते, उरलेसुरले वाळवी बघते आणि मग जी तुळई भिंतीला धरून ठेवत होती तीच तिला बाहेर ढकलू लागते. जुने गवंडी सांगतात की अशा भिंती भर पावसात पडत नाहीत, उघडीप मिळाली की पडतात. आमची मंगळवारी पडली, आणि रविवारपासून लख्ख ऊन होते.

मात्र हे ज्ञान वारसांसमोर पाजळू नये. त्यांच्यापाशी बिनतोड उत्तर आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नारायण पेठेत पाणी शिरले, आजूबाजूचे वाडे पत्त्यांसारखे बसले, तेव्हा हा वाडा पडला नाही; मग तो आता चार सरींनी कसा पडेल? माझ्या सासूबाईंनी तो दिवस पाहिला आहे. त्यांचे म्हणणे इतकेच, की त्या वेळी वाड्यात माणसे राहत होती आणि दर वैशाखात कौले शाकारली जात होती. पण सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत आणि त्यांच्याकडे मालमत्ता पत्रक नाही, त्यामुळे त्यांच्या मताला किंमत नाही.

मालमत्ता पत्रक काढण्याच्या भानगडीत पडू नये. आमच्या शेजाऱ्यांच्या पत्रकावर सतरा नावे आहेत आणि त्यांपैकी अकरा जण वारले आहेत.

भाडेकरूंकडून अपेक्षा ठेवू नये. वाड्यात आज कोणी राहत नसले तरी चार खोल्यांना चार कुलपे आहेत आणि ती कुलपे नियमाने भाडे भरतात. प्रत्येकी महिना ४० रुपये. मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूने १५ दिवसांची नोटीस देऊन ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, अशी सोय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये आहे. फक्त ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे जाता कामा नये. वर्षाचे भाडे ४८०, त्याचा चौथा हिस्सा १२० रुपये. एवढ्या रकमेत सिमेंटची अर्धी गोणीदेखील येत नाही, पण चार भाडेकरूंनी एकदिलाने ठरवले तर दरसाल एक गोणी घेता येईल आणि मग ती कोणाच्या खोलीत ठेवायची यावर पुढील दावा लावता येईल.

भिंतीच्या भेगेवर लक्ष ठेवावे. माझा भाचा स्थापत्य अभियंता आहे. त्याने सांगितल्याप्रमाणे मी वाड्याच्या पुढच्या भिंतीवरील भेगेवर आडवी काचपट्टी लावली, तिची दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की केली आणि पेन्सिलीने तारीख लिहिली. भेग स्थिर असेल तर काच टिकते, हलत असेल तर फुटते. पहिली पट्टी अकराव्या दिवशी फुटली, दुसरी सहाव्या. दोन्ही पट्ट्यांचे तुकडे तारखांसह रुमालात बांधून मी महापालिकेच्या कार्यालयात नेले. साहेबांनी ते उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, "काच पातळ असेल, काकू."

तर आता कार्यालयाकडे वळू, जिथे मी भिंत पडण्याच्या कितीतरी आधीपासून खेटे घालते आहे. तक्रार करायला जाताना जेवणाचा डबा, छत्री आणि वाचायला काहीतरी सोबत न्यावे. तक्रार नेहमी योग्य टेबलावर द्यावी आणि योग्य टेबल ते, जिथून तुम्ही नुकतेच उठून आला आहात. बांधकाम विभागाने मला सांगितले की भिंत त्यांच्या अखत्यारीत येते, परंतु भिंतीच्या भेगेत पिंपळ वाढला आहे आणि पिंपळ उद्यान विभागाचा. उद्यान विभागाने सांगितले की पिंपळ त्यांचा हे खरे, पण तो काढायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते आणि तिचा अर्ज जागेच्या मालकाने करायचा असतो. मालक अकरा जण वारलेले असल्याचे मी नम्रपणे निदर्शनास आणले. उरलेल्या सहांनी करावा, असे उत्तर मिळाले. उरलेल्या सहांपैकी दोघे एकमेकांशी बोलत नाहीत आणि एक अमेरिकेत असतात. दरम्यान वाड्यातल्या फुटक्या हौदात डासांच्या अळ्या झाल्याची तक्रार मी केली, तेव्हा आरोग्य विभागाची माणसे मात्र दुसऱ्याच दिवशी हजर झाली. वाड्याला कुलूप होते. आमचे दार उघडे होते. त्यांनी आमच्या तुळशीच्या कुंडीखालची ताटली तपासली, तीत पाणी सापडले आणि त्या ताटलीबद्दल मला ५०० रुपये दंड झाला. पावती मी जपून ठेवली आहे, कारण या सर्व प्रकरणात कोणावर तरी कारवाई झाल्याचा तो एकमेव पुरावा आहे.

अखेर, सात महिन्यांनी, माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांचे तिकीट लावून अर्ज केल्यावर, नोटीस निघाली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ अन्वये तिने वाड्याचा धोकादायक भाग उतरवून घेण्याचे फर्मावले होते. ती वारसांच्या आजोबांच्या नावे होती. आजोबा १९७८ साली गेले. ते घेण्यास हजर नसल्यामुळे नोटीस रीतसर दारावर चिकटवण्यात आली आणि पहिल्याच पावसात तिचा लगदा झाला.

त्यानंतर फलक आला. या फलकाविषयी सविस्तर लिहिणे मला भाग आहे. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरात 'ही इमारत धोकादायक आहे. या इमारतीचा वापर करू नये व आसपास थांबू नये. दुर्घटना घडल्यास महानगरपालिका जबाबदार राहणार नाही' असा त्यावरचा मजकूर होता. तो लावायला दोन जण आले. हातोडी आणायची राहिली होती, म्हणून त्यांनी वाड्याचाच पडलेला एक दगड उचलला आणि त्याने वाड्याच्या भिंतीत खिळा ठोकायला सुरुवात केली. पहिल्या ठोक्याला सुपभर माती त्यांच्या चपलांवर सांडली. दुसऱ्या ठोक्याला खिळा, माती आणि अर्धा भेंडा असे सगळेच खाली आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आजूबाजूला पाहिले आणि मग, जे काम करायचे ते चोख या वृत्तीने, तो फलक जवळच्या पक्क्या भिंतीवर लावला. ती भिंत आमची आहे.

मी धावत खाली गेले. म्हटले, अहो, पडकी इमारत ती आहे, ही नव्हे. त्यावर त्यांच्यातला वयस्कर, समजूतदार माणूस म्हणाला, "काकू, ती पडली तर फलक पण पडेल ना!"

त्या दिवसापासून गॅसवाला सिलिंडर कोपऱ्यावर ठेवून फोन करतो. माझ्या नणंदेच्या मुलीला पाहायला आलेली मंडळी दारातला फलक वाचून चहा न घेता परतली. फलक हलवावा असा अर्ज मी केला आहे. तो शासकीय मालमत्तेला हात लावण्याचा विषय असल्यामुळे वेगळ्या टेबलावर आहे. आणि हे सर्व ठीक आहे, मी हसूनही घेतले असते, पण त्या मजकुरातले शेवटचे वाक्य माझ्या खिडकीतून रोज दिसते. जबाबदार राहणार नाही. म्हणजे इमारत पडणार हे तुम्हाला माहीत आहे, ती कोणावर पडणार तेही माहीत आहे, नाही तर 'आसपास थांबू नये' असे तुम्ही कशाला लिहिले असते? आम्ही आसपास थांबलेलो नाही, साहेब. आम्ही आसपास राहतो. आमचे घर तिथे आहे. पडणाऱ्या भिंतीला टेकू लावायला तुमच्याकडे चार बांबू नाहीत, पण हात झटकायला पत्रा आहे, लाल रंग आहे आणि खिळे आहेत!

आता मार्गदर्शन राहू द्या. मला जे सांगायचे आहे ते सरळच सांगते.

धोका दिसत असेल तर त्याच कलम २६४ खाली महापालिकेला मालकाकडून बांधकाम उतरवून घेता येते, ये-जा करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आडोसा उभा करायला लावता येतो आणि मालक हलत नसेल तर काम स्वतः करून खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. अतिधोकादायक इमारतींसाठी 'सी-१' नावाचा वर्गसुद्धा आहे, आणि त्यात गेलेली इमारत रिकामी करून पाडायची असते, तिचे कौतुक करायचे नसते. महापालिकेला हे जमले नाही, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकारी, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर पडू शकेल अशी इमारत, इतकेच काय असे झाडदेखील, काढण्याचा आदेश देऊ शकतात. म्हणजे पिंपळाचीसुद्धा सोय कायद्याने करून ठेवली आहे. सही करायला माणूस नाही एवढेच.

आणि वारसांनो, तुम्हीही ऐका. तुम्ही वाडा दुरुस्त करत नाही, उतरवत नाही, विकतही नाही, कारण तो आपोआप पडला की भाडेकरूंचा प्रश्न आपोआप मिटेल, असे तुम्हाला वाटते. तो मिटणार नाही. इमारत नाहीशी झाली म्हणून भाडेकरूचा हक्क नाहीसा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितले आहे. भाडेकरूंना ते ठाऊक आहे, म्हणून तेही कोथरूडला बसून वाडा पडण्याची वाट पाहत आहेत. दोन्ही पक्ष लांब, सुरक्षित, लिफ्ट असलेल्या इमारतीत बसून वाट पाहत आहेत आणि तो पडण्याच्या जागेवर मात्र आम्ही आहोत. तुमच्या हिश्श्याच्या भांडणात माझ्या सासूबाईंचा पलंग भिंतीपासून नऊ फुटांवर आहे, हे तुमच्यापैकी एकालाही दोन वर्षांत विचारावेसे वाटले नाही. गाडी तिथे का लावली, हे मात्र विचारावेसे वाटले. लाज वाटायला हवी!

२९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. झोपेत होते ते. त्यांनाही कोणी विचारले असेल, की झोपड्या तिथे बांधायची गरज होती का? आपल्याकडे चौकशीचा पहिला प्रश्न नेहमी ढिगाऱ्याखालच्या माणसालाच असतो.

पेठेतल्या लोकांविषयी वेगळे काय लिहू? मंगळवारी सकाळी चाळीस जणांनी त्या ढिगाऱ्याचे फोटो काढले. तक्रारीवर सही करायला तिघे आले. त्यांतल्या एकाने दुसऱ्या दिवशी येऊन सही खोडली, कारण थोरल्या वारसांशी त्याचे घरोब्याचे संबंध आहेत.

काल सायंकाळी मी पुढच्या भिंतीवर तिसरी काचपट्टी लावली, या वेळी जाड, पाच मिलिमीटरची, म्हणजे साहेबांचे समाधान व्हावे. ही भिंत बोळात नव्हे, रस्त्यावर येते आणि त्या रस्त्याने सकाळी पावणेसात ते सव्वासात शाळेची मुले जातात. आज साडेसहाला मी खाली उतरून पाहिले. पट्टीला तडा गेला होता. मी घरातल्या दोन खुर्च्या आणि कपडे वाळत घालायची दोरी आणून भिंतीसमोर आडवी बांधली आणि सव्वासातपर्यंत तिथे उभी राहून मुलांना पलीकडच्या बाजूने जायला सांगत होते. उद्याही उभी राहणार आहे. खुर्च्या रस्त्यावर ठेवल्याबद्दल अतिक्रमण विभागाचा माणूस आज दुपारी येऊन गेला.